हेबॉग

इथेलच्या गुडघ्यांना तो अजून आठवतो.
वेल्समधल्या त्या ओल्या मैदानात
लगाम धरून शेजारी धावताना
दोघांपैकी कोण कुणाला पळवत होतं
ते परीक्षकांनाही कळलं नसावं.

जिंकलेल्या फिती आता बिस्किटांच्या डब्यात,
वासही बिस्किटांचाच.

एका वर्षी आम्ही आमची म्हातारी घोडी
नेली होती हेबॉगकडे.
पैसे नंतर द्या, इथेल म्हणाला,
नंतर घेतलेच नाहीत.

हेबॉगला पुरायचं होतं तेव्हा
जेसीबीवाल्यानं आधी टोपी काढली,
मग यंत्र सुरू केलं.

काल, तीन खोऱ्यांपलीकडच्या बाजारात
कुणाच्या तरी शिंगरानं
डावा पुढचा पाय
निखाऱ्यावर पडल्यासारखा उचलला, तस्सा.

इथेल काही बोलला नाही.
काठी माझ्याकडे दिली
आणि दोन पावलं
पळाला.