दहा मायक्रोग्रॅम

उघडण्याआधी कुपी यंत्रात फिरवून घ्या, असं कागदावर.
इर्मेली फिरवते. उजेडाकडे धरते:
तळाशी काहीच नाही.
असतं म्हणे. काचेवर श्वास बसावा एवढं.

तुर्कूत साडेतीनलाच अंधार.
कोरड्या बर्फाचा धूर बेसिनमध्ये उतरतोय.

निरोप माणसाचा, एका पेशीनं दुसरीला धाडायचा:
ये, इथं आग लागलीय.
लिहून घेतला मात्र जंतूंकडून,
ज्यांना कधी ताप चढत नाही.
रात्रभर घोकला त्यांनी, बिनचूक.

लेबलवर बारीक अक्षरं: माणसांवर वापरू नये.

ती शंभर मायक्रोलिटर पाणी सोडते,
हलवत नाही,
थांबते.
तिकडे वॉर्डात भाऊ, पाउली, परवापासून
कुणाच्याच हाकेला ओ देत नाहीये.

प्लेटमधल्या पेशी
सकाळपर्यंत देतील.