सुपातला

आधीची तीन गेली, म्हणून
जन्मल्या जन्मल्या त्याला सुपात घातलं,
उंबऱ्यावरून ओढलं
आणि नाव ठेवलं सुपडू.
मद्रासच्या निवेदकाला ते कधी जमलं नाही.
भोंग्यातून ओरडायचा, स्पीडू! स्पीडू!
आम्ही दुरुस्त केलं नाही.

मी गफूर पिंजारी. अमळनेर, धुळे रोड, गॅरेज.
गाडीचा आवाज मी लावायचो,
पुढचं त्याचं.

सराव जिनिंगच्या आवारात, हंगाम सरल्यावर,
मे महिन्यात, पहाटे साडेचारला.
आठनंतर टायर हाताला चिकटायचं.
वळणावर कवडी कापसाची पोती रचलेली,
त्यांत घुसला की भुवया पांढऱ्या करून
म्हातारा होऊन बाहेर यायचा,
हसत.

गुडघ्याला ट्रकच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला.
त्यावरून मला कळायचं किती वाकला.
पहिल्या वर्षी कडेला ओरखडा.
तिसऱ्या वर्षी आरपार भोक,
आणि त्याच वर्षी तो देशात पहिला.
पेपरात चार ओळी आल्या,
त्यातही अमळनेरचं जळगाव झालेलं.
मी आईला समजावून सांगितलं,
किती फेऱ्या, किती सेकंद.
ती भाकरी थापत म्हणाली,
"एवढा पयना, आनि उना कोठे?
जठून निंघना तठेच!"

पाच वर्षांत पाच चषक.
चार त्याच्या घरी, माळ्यावर.
पाचवा माझ्याकडे. त्यात वॉशर ठेवतो,
जुने जेट, स्प्रिंगा, कधी सुटे पैसे.

सहाव्या वर्षी कोइमतूर.
आदल्या रात्री तो म्हणाला, सरळ रस्त्यावर कमी पडते रे.
मी एकशे वीसचं जेट काढलं,
एकशे दहाचं बसवलं.
पेट्रोल कमी, आग जास्त.
नवव्या फेरीपर्यंत गाडी गात होती,
असा आवाज मी पुन्हा लावला नाही.
मग पिस्टनने सिलिंडर धरलं
आणि मागचं चाक जागीच थांबलं.
तो थांबला नाही.

हासळी, तीन बरगड्या, डावं मनगट.
सगळे म्हणाले, तेल वाईट होतं.
मीही म्हणालो.

आता तो बियाण्यांची पाकिटं घेऊन
पारोळा, एरंडोल, धरणगाव फिरतो.
साधी गाडी, मागे खोका बांधलेला,
पंचेचाळीसच्या वर काटा नाही.
सोमवारी येतो. "गफूर, उभी असताना फार ओरडते,
कमी कर."
मी स्क्रू फिरवतो.
तो डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकतो.
"अजून."
इंजिन विझेल विझेल असं होतं,
विझत नाही.
"हां."

काल वॉशर हवा होता. मी हात धूत होतो.
त्याने स्वतःच चषकात बोटं घातली,
चाळवाचाळव केली,
एक पितळी जेट उचललं,
उन्हाकडे धरून त्याच्या भोकातून
माझ्याकडे पाहिलं.

"लहानच होतं," म्हणाला.
परत आत टाकलं.

मग वॉशर सापडला.