निरीक्षणाचे तास

दुलुथमध्ये फेब्रुवारीत सरोवरसुद्धा
पांढरं पडून गप्प बसतं.
सकाळी साडेसहाची बस, पोटरीपर्यंत बूट,
पाठीवर शरीरशास्त्राचं पुस्तक,
आजवर मी उचललेलं सगळ्यात जड शरीर.

अर्जाला शंभर तास लागतात.
माझे सदतीस झालेत.
डोरीन प्रत्येक ओळीपुढे निळ्या पेनानं सही करते
आणि दर वेळी तेच बजावते:
बघायचं. हात लावायचा नाही.

म्हणून मी टॉवेलांच्या घड्या घालते,
बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमध्ये परत ठेवते,
लिंबाच्या वासाचा फवारा मारून टेबलं पुसते,
मग हात पाठीमागे बांधून उभी राहते
वर्गात उशिरा पोचलेल्या पोरीसारखी.

सेंद्रिय रसायनात बी मायनस.
आईला अजून सांगितलेलं नाही.
भौतिकशास्त्रात मात्र तरफ चटकन कळली:
दार बिजागरीजवळ ढकललं की हटून बसतं,
कडेला नुसतं बोट पुरतं.
मांडीचं हाडही तसंच, पुस्तक म्हणतं.
पुस्तकात कुणी कण्हत नाही.

वेंडेल कोस्की, वय एकाहत्तर.
एकतीस वर्षं खनिजाच्या गोदीवर क्रेन चालवली,
डोंगरच्या डोंगर बोटींत ओतले,
आणि पडला कुठे, तर स्वतःच्याच टपालपेटीपाशी,
वीजबिल हातात.
नवा खुबा, जुनी ऐट.

आज समांतर दांड्यांच्या टोकाला
चार इंचांची लाकडी पायरी होती.
चार इंच, म्हणजे माझा फोन आडवा धरला तर
त्याहूनही कमी.
तो थांबला. दांडीवर बोटांची पेरं पांढरी.
डोरीनची मूठ त्याच्या कमरपट्ट्यात.
त्यानं माझ्या छातीवरची पाटी वाचली.
"तू जरा तिकडे बघ, हालोनेन."

मी भिंतीकडे तोंड केलं.
भिंतीवर सोललेला माणूस, लालभडक, निर्लज्ज,
त्याचे सगळे स्नायू मला तोंडपाठ.
मागे रबरी तळ घासला.
एक शिवी. फिनिश.
आजोबा गाडी सुरू होईना की हीच द्यायचे.
मग लाकडावर एक पाय.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरा.

निघताना डोरीनला विचारलं,
मी न पाहिलेलं ते मिनिट वजा करू का?
तिनं सही केली. अडीच तास.
म्हणाली, "मोठे टॉवेल संपत आलेत, उद्या लवकर ये."

हाच व्यवसाय का, पाचशे शब्दांत लिहा, असं अर्जात आहे.
बसमध्ये मी तीनदा "मदत" लिहिलं, तीनदा खोडलं.
माझा थांबा आला. खाली फुटपाथवर
नुसती काच झालेली.
दांडा धरून उभी राहिले,
आणि वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं
की मी आधी डावा पाय टाकते.
मागचा माणूस म्हणाला, उतरताय ना?