मामा, पापा

कुताइसीच्या पोलीस कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
नानुलीसमोर पडदा. आवाज नाही,
तिला तसाही लागत नाही.
भिंतींना कान असतात म्हणतात.
तिला जन्मापासून नाहीत,
म्हणून ती भिंतींहून कामाची.

'कडू अक्रोड' या नावानं
रात्री-बेरात्री मंत्र्यांची बिलं नेटवर टांगतं कोण,
एवढंच हवंय ओतियाला.
पडद्यावर पोरगा, बसथांब्यावर,
खाचापुरीचा तेलकट कागद चुरगाळत
मित्राला काहीतरी सांगणारा.

मागे घ्या, ती बोट फिरवते.
पुन्हा.
पुन्हा.

त्यांच्या भाषेत मामा म्हणजे बाप,
पापा म्हणजे आजोबा.
ओठ मिटतात, उघडतात, मिटतात, उघडतात,
ओठांवर दोघे जुळे.
फरक असलाच तर हनुवटीत.
आणि टेबलावरच्या उलट्या फाइलीत
आजोबांच्या नावापुढे क्रूस, नऊ वर्षांचा जुना.
मेलेल्या माणसासाठी
कुणाची हनुवटी अशी थरथरत नाही.

ती कागदावर लिहिते : पापा.

"आजोबा?"
ओतिया वाकून बघतो, पडद्याकडे नाही,
तिच्याकडे.

हातांच्या भाषेत भुवई म्हणजे व्याकरण,
उचलली की प्रश्न, आवळली की नाही.
चाळीस वर्षं ती चेहऱ्यानं बोलत आली,
गप्प बसायला त्याला
कुणी शिकवलंच नाही.

बाहेर रिओनी गढूळ.
ती भुवया धरून बसते,
काठोकाठ भरलेला कप धरावा तशा.

ओतिया पेनाला टोपण लावतो.
काढतो.