निरीक्षण-तक्ता

कुताइसी. नववी ब. हीटर बंद.
शेवटच्या बाकावर मी, मांडीवर छापील तक्ता.
फळ्याशी नेस्तान, तिचा चौथा सराव-पाठ.

वजा गुणिले वजा, अधिक.
ती लिहून मोकळी होणार
तोच तोर्निके, कोटाच्या खिशातले हात न काढता :
"पण का?"

तिने खडू खाली ठेवला.
"करता येतं मला," म्हणाली, "पण का ते
आत्ता नाही सांगता येत. उद्या."

एकतीस वर्षं मी या प्रश्नाला
"नियम आहे, पाठ कर" म्हणत आले,
आणि माझी मुलं पास होत गेली.

रकाना तिसरा : विषयज्ञान, दहापैकी.
पेन तिथंच अडलं.

जिन्यात तिला गाठलं. बाही खडूनं पांढरी.
"उद्या कितवा तास?" विचारलं.
तक्ता पर्समध्ये, तसाच, दुमडलेला.