खोट्या खिडकीची कडी

बाई घरात शिरल्या की आधी भिंतीवर टकटक करतात,
डॉक्टरनं पाठीवर करावं तसं.
मी मागं, टेप हातात.
बावीस वर्षं झाली, अजून टेप आधी उघडू देत नाहीत.

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडं
बेळंकीसाहेबांनी नव्यानं घेतलेलं घर.
उद्यमनगरात फाउंड्री, हातावर जुने चटके, खिशात नवा फोन.
फोनवर इटलीचा संगमरवर, दुबईचं झुंबर.
"बाई, नादखुळा झालं पाहिजे. पाहुणा दारातच गार."

चारुशीलाबाईंनी फोटो बघितले, सगळे, चष्मा लावून.
मग विचारलं,
रात्री शेवटी घरात कोण येतं?
चप्पल कुठं काढता?
भांडण झालं की कोण कुठल्या खोलीत जातं?
साहेब बायकोकडं बघायला लागले,
बायको खिडकीकडं.
खिडकी अजून बसायची होती.

बाईंचे वडील स्टुडिओत सेट उभे करायचे.
संध्याकाळपर्यंत दिवाणखाना, सकाळी त्याचाच तुरुंग.
सहा-सात वर्षांची पोरगी एकदा राजवाड्याच्या मागं गेली
तर मागं नुसत्या फळ्या, खिळे, गोणपाट,
आणि राजा पायरीवर बसून बिडी ओढतोय.
तेव्हापासून पुढून एक, मागून एक असं त्यांना चालत नाही.
म्हणून माझ्या कपाटांच्या पाठीलाही पॉलिश,
जी पाठ पाल सोडून कुणी बघणार नाही.
पहिल्या वर्षी मनातल्या मनात शिव्या घातल्या.
आता घरी स्वतःच्याच कपाटाची पाठ बघवत नाही.

रंगाचं पुस्तक त्या उघडत नाहीत.
गुळाच्या ढेपेचा रंग, कापलेल्या बाजूचा.
चपलेच्या कातड्याचे दोन, तेल प्यायच्या आधीचा आणि नंतरचा.
एकदा तालमीतली माती पुडीत बांधून आणली,
दुकानदारापुढं सोडली: हाच पाहिजे.
त्यानं वास घेतला. ताक, हळद, घाम.
"बाई, याला नंबर नाही."
"बरंच की," म्हणाल्या.

मग त्या दिवशी खडू मागितला.
माझ्या खांद्याच्या वर, भिंतभर आडवी रेघ.
"एकोणीसला पाणी इथवर होतं."
गवंड्यानं थापी खाली ठेवली.
"याच्या खाली असं काही नको, ज्यासाठी रडावं लागेल."
संगमरवर तिथंच बुडाला.
खाली कडाप्पा, धुऊन निघेल असा.
बटणं वर, कागदपत्रं वर, वहिनींचं शिवणयंत्र वर,
आणि दाराशी एक बाक,
खाली ओतीव लोखंडाची जाळी, साहेबांच्याच फाउंड्रीतली,
बुटातली काळी वाळू तिथंच पडावी म्हणून.
झुंबर मात्र लागलं.
"हौस रेघेच्या वरच असते," इतकंच बोलल्या.

बाईंच्या घरी मी एकदाच गेलो, हिशोबाला.
पांढऱ्या भिंती, एक कॉट, पुस्तकं छताजवळ,
आणि उत्तरेला खिडकी.
उकडत होतं, उघडायला गेलो, तर हाताला कापड लागलं.
रंगवलेली.
पलीकडं पन्हाळ्यासारखा डोंगर, एक ढग,
गजांची सावलीसुद्धा बरोबर पडलेली.
"वडिलांची," म्हणाल्या, "सिनेमा पुरा झालाच नाही."

सवयीनं मी मागं डोकावलो.
फळ्या. खिळे. गोणपाट.
पॉलिश नाही.

बाई आत चहा ओतत होत्या, तिथूनच म्हणाल्या,
"मिस्त्री, तिला एक कडी बसवून द्या. खरी.
वारं सुटलं की वाजते."

वाजण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.
दुसऱ्या दिवशी पितळी कडी नेली.
बिलात धरली नाही.