शेऱ्याचा रकाना

पहाटे साडेपाचचा फुगा सोडायला
मी सोनेगावच्या गच्चीवर येतो, तेव्हा
विमानतळाचे दिवे अजून पिवळे असतात.
हायड्रोजन भरलेलं रबर हाताला गार लागतं,
नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या नाकासारखं.
सोडलं, की दुर्बिणीला डोळा लावून
मिनिटामिनिटाचे कोन लिहायचे.
एकतीस वर्षं हेच.

यंदा मार्चात अकरा दिवस
फुगा बुटीबोरीकडेच गेला.
उत्तरेचा वारा. खाली, वर, सगळीकडे.
मधेच एका दुपारी लिंबाएवढ्या गारा:
धंतोलीत गाड्यांच्या काचा,
काटोलकडे संत्र्याचा बहार.

रोज संध्याकाळी कोराडीहून भानारकरचा फोन.
वीजघराच्या चिमण्यांखाली, तलावात जाळं टाकतो तो.
"साहेब, हे डोक्यावर दोन रेघांवाले
अजून इथंच बसून राह्यले.
खातेत, मान वर करतेत, पुन्हा खातेत.
वारा कधी फिरते?"

मी नकाशातलं सांगतो:
राजस्थानावर एक भोवरा आहे, तो सरकला की.
तो म्हणतो, "धूर तं अजून नागपुराकडंच वाकते."

बाराव्या रात्री फोन सव्वानऊला आला.
बोलला काहीच नाही,
हात नुसता वर धरला असावा.
आधी खरखर. मग लांबून
आंग, आंग,
वंगण नसलेलं चाक अंधारात पुढे पुढे जावं तसं.
"गेले," तो म्हणाला. "धूर तं तिकडंच हाये, साहेब.
मंग हे कोणाच्या भरवशावर गेले?"

मला सांगता आलं नाही.

पहाटे फुगा सोडला.
रोजच्यासारखा बुटीबोरीकडे निघाला.
सहाव्या मिनिटाला कोन थबकला.
सातव्याला तो मागे वळला,
घरी किल्ली विसरलेल्या माणसासारखा,
आणि माझ्या डोक्यावरून, शहरावरून,
कोराडीकडे,
ठिपका होईपर्यंत.

हजार मीटरच्या वर दक्षिणेचा वारा: मी नोंद केली.
साठ जणांनी ती आदल्या रात्रीच केली होती,
कोष्टकाशिवाय,
अंधारात वर जाऊन
आंघोळीचं पाणी बघावं तशी.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पट्टकादंब, अंदाजे साठ, रात्री ९.१५, दिशा उत्तर.

आठवड्याने पुण्याहून विचारणा आली:
हा कोणता कोड आहे?

उत्तर अजून दिलेलं नाही.
एप्रिल लागला, टेबलावरचा पंखा सुरू झालाय.
कागद पेपरवेटखाली आहे.
एक कोपरा सारखा उचलला जातो.